अधिक करायचे की वजा, असे मुले का विचारतात?

पत्र: मी धुळे जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते. दोन्ही इयत्ता मिळून २३ मुले आहेत. मांडून दिलेली तीन अंकी वजाबाकी बहुतेकांना येते. परंतु तीच वजाबाकी शाब्दिक उदाहरणात आली की मुले त्यातल्या संख्या शोधतात आणि लगेच विचारतात, ‘बाई, अधिक करायचं का वजा?’ मी ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे गुणाकार’ असा तक्ता करून भिंतीवर लावला आणि पाठही करून घेतला, तरी चाचणीत गुण कमीच आले. मुख्याध्यापक सर सराव वाढवायला सांगतात. चौथीतला एक मुलगा आठवडे बाजारात वडिलांच्या भाजीच्या दुकानावर सगळा हिशेब तोंडी करतो आणि वहीत मात्र जागा कोरी सोडतो. मुलांची घरची भाषा अहिराणी आहे. याउलट तीन-चार मुलांचे उदाहरण चटकन सुटते आणि मग ती इतरांना स्वस्थ बसू देत नाहीत. कुठून सुरुवात करावी?
— एक शिक्षिका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

‘अधिक करायचं का वजा’ असे विचारणाऱ्या मुलाला वजाबाकी येते, हे तुम्हीच लिहिले आहे. त्याचे अडते ते त्याच्या आधी. उदाहरणात कोणाच्या बाबतीत काय घडले, हे त्याने मनाशी उभे केलेले नसते आणि ते उभे करणे हाच उदाहरण सोडवण्याचा मोठा भाग आहे, हेही त्याला ठाऊक नसते. त्याच्या लेखी शाब्दिक उदाहरण म्हणजे दोन संख्या आणि त्यांच्यामध्ये कोणते चिन्ह ठेवावे याचा अंदाज. म्हणून माझी पहिली सूचना, जी तुम्हाला कदाचित रुचणार नाही, ती अशी की भिंतीवरचा तक्ता काढून ठेवावा. मुलांनी तो पाठ केला आणि चाचणीत वापरलाही असणार. तरीही गुण कमी आले, कारण तक्ताच त्यांना चुकवतो.

तो कसा चुकवतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ‘एका टोपलीत काही अंडी होती. त्यातील १५ विकली आणि १९ उरली. सुरुवातीला टोपलीत किती अंडी होती?’ यात ‘विकली’ आहे, ‘उरली’ही आहे, आणि उत्तर मात्र बेरजेने येते. ‘तिसरी आणि चौथी मिळून एकूण ४५ मुले आहेत, त्यांपैकी १८ तिसरीत आहेत, तर चौथीत किती?’ येथे ‘एकूण’ असूनही वजाबाकी करावी लागते. ‘प्रत्येकी’ची गत याहून वाईट आहे: चार मुलांना प्रत्येकी सहा पेरू दिले तर गुणाकार, आणि चोवीस पेरू चार मुलांत सारखे वाटून प्रत्येकी किती आले असे विचारले तर भागाकार. पहिली-दुसरीच्या सोप्या उदाहरणांत शब्द आणि क्रिया यांचे बहुधा जुळते, म्हणून हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो आणि एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे चालत येतो. तिसरीपासून तो अंगाशी येऊ लागतो, आणि तोवर मुलांना पूर्ण वाक्य न वाचण्याची सवय जडलेली असते.

मुलांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही, कारण ती वर्गात जे पाहतात त्यावरून शहाणपणानेच वागत असतात. १९७९ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे गणिताच्या अध्यापनावर काम करणाऱ्या मंडळींनी प्राथमिक शाळेतील ९७ मुलांना एक प्रश्न दिला होता: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? त्यांपैकी ७६ मुलांनी त्या दोन संख्यांची काही ना काही आकडेमोड करून कप्तानाचे वय सांगून टाकले. गणिताच्या तासाला प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच, दिलेली प्रत्येक संख्या वापरायचीच असते आणि गुरुजी कधी निरर्थक विचारत नाहीत, एवढे ती मुले शिकली होती. तुमच्या वर्गातही एखाद्या दिवशी असे उदाहरण द्या, ज्यात माहिती अपुरी आहे किंवा एक संख्या उगाच घातलेली आहे. पहिल्या वेळी मुले गोंधळतील, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोणीतरी ‘बाई, हे येणारच नाही’ म्हणेल, आणि असे म्हणणाऱ्या मुलाने उदाहरण खरोखर वाचलेले असते.

उपाय सुरू करण्यापूर्वी कोणते मूल नेमके कुठे अडते ते पाहून घ्या, कारण २३ मुलांची अडचण एकच असण्याचा संभव कमी. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ च्या सुमारास यासाठी एक साधी पद्धत मांडली, आणि ती जोडवर्गाच्या शिक्षकालाही झेपण्यासारखी आहे. मुलाला जवळ बसवून एकच उदाहरण द्यायचे आणि क्रमाने पाच गोष्टी करायला सांगायच्या: हे मोठ्याने वाच; यात काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग; तू काय करशील आणि का; आता ते करून दाखव; आणि शेवटी उत्तर लिही. मूल ज्या पायरीवर थांबते तिथे त्याची अडचण आहे. जे मूल वाचताना अक्षर-अक्षर जुळवते, त्याला तुम्ही उदाहरण वाचून दाखवले आणि ते लगेच सुटले, तर त्याला गणिताच्या नव्हे, वाचनाच्या मदतीची गरज आहे. ज्याला सगळे कळते पण दशक मोडताना चूक होते, त्याच्यासाठी तुमचा नेहमीचा सराव पुरेसा आहे. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा की बहुतेक मुले दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये अडकलेली सापडतील. हे विचारत असताना शिकवायचे मात्र नाही, फक्त ऐकायचे. आपल्या व्यवसायात हे सर्वांत अवघड काम आहे.

आता प्रत्यक्ष शिकवण्याविषयी. काही आठवडे एका तासाला एकच उदाहरण घ्या. फळ्यावर ते आधी संख्यांशिवाय आणि प्रश्नाशिवाय लिहा: ‘सकाळी टोपलीत काही अंडी होती. दुपारपर्यंत त्यातील काही विकली गेली.’ संख्याच नसल्याने मुलांना आकडेमोडीकडे धाव घेता येत नाही. एका मुलाला उभे करून काय घडले ते अहिराणीतच सांगायला लावा, मग दुसऱ्याला त्यात भर घालू द्या. ‘शिल्लक’, ‘समान’, ‘पैकी’ असे शब्द पुस्तकात सहज येतात, पण घरी अहिराणी बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाने ते पुस्तकाबाहेर क्वचितच ऐकलेले असतात. ‘किती’ऐवजी ‘कितला’ म्हणून प्रसंग नीट सांगणाऱ्या मुलाला उदाहरण समजलेले असते, आणि पुस्तकी मराठी त्या समजुतीवर नंतर सावकाश चढवता येते. उलट क्रमाने गेल्यास दोन्ही गोष्टी एकदम शिकाव्या लागतात.

प्रसंग सांगून झाला की विचारा, यावर कोणकोणते प्रश्न विचारता येतील? किती उरली, किती विकली, पैसे किती आले, असे प्रश्न येतील. पैशांचा प्रश्न आला तर तो लगेच बाजूला सारू नका. त्याचे उत्तर काढायला आणखी काय माहीत असावे लागेल हे मुलांनाच सांगू द्या, कारण दिलेले काय आणि काढायचे काय हा भेद येथेच प्रथम कळतो. त्यानंतर संख्या घाला, सुरुवातीला लहान, म्हणजे १२ आणि ५ अशा, म्हणजे आकडेमोडीत जीव अडकणार नाही. आणि कोणीही पेन्सिल उचलण्यापूर्वी एक प्रश्न न चुकता विचारा: उत्तर बारापेक्षा मोठे येईल की लहान, आणि का? ज्या मुलाला या ‘का’चे उत्तर देता येते, ते ‘अधिक की वजा’ विचारायला तुमच्याकडे येत नाही.

वरच्या अंड्यांच्या प्रसंगाकडे पुन्हा येऊ, कारण एकाच प्रसंगातून तीन उदाहरणे निघतात आणि त्यांची काठिण्यपातळी अगदी निरनिराळी असते. ३४ अंडी होती, १५ विकली, किती उरली? हे सर्वांना येते. ३४ होती, काही विकली, १९ उरली, तर किती विकली? येथे थोडी मुले गळतात. काही होती, १५ विकली, १९ उरली, तर आधी किती होती? येथे बरीच गळतात, कारण प्रसंगाची सुरुवातच अज्ञात असल्याने मुलाला तो उलटा चालवावा लागतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील थॉमस कारपेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रकारांची पद्धतशीर वर्गवारी केली, आणि तिचा शिक्षकाला होणारा उपयोग एवढाच की आपण मुलांना सतत पहिल्याच प्रकारची उदाहरणे देत असतो, हे लक्षात येते. तुमच्याकडच्या पुस्तकातील आणि मागील चाचण्यांतील उदाहरणे एकदा या नजरेने चाळून पाहा. तिन्ही प्रकार एकाच दिवशी, एकाच टोपलीवर घेतले, तर शब्द तेच राहूनही क्रिया का बदलते ते मुलांना दिसते.

तुलनेची उदाहरणे मी वेगळी काढतो, कारण त्यांत काहीच घडत नाही. ‘रमेशकडे २४ गोट्या आहेत. त्या सुरेशच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. सुरेशकडे किती?’ याचे उत्तर १८ आहे, आणि तुमच्या वर्गात ३० असे उत्तर देणारी मुले निम्म्याहून कमी निघाली तर मला आश्चर्य वाटेल. यात मुलांचे विशेष काही चुकत नाही. लुईस आणि मेयर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘जास्त’ म्हटले असताना वजाबाकी करावी लागते अशा रचनेत अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थीही अधिक चुकत असल्याचे दिसले. अशा उदाहरणात पहिला प्रश्न संख्येचा विचारूच नये. जास्त गोट्या कोणाकडे, एवढेच विचारावे. दोन मुलांना पुढे उभे करून त्यांच्या हातात लांब-आखूड दोऱ्या द्या, आणि मग फळ्यावर एकाखाली एक दोन आडव्या पट्ट्या काढा: वरची रमेशची, खालची सुरेशची, आणि वरचीचा जो भाग पुढे आलेला आहे त्यात ६ लिहा. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून अशा पट्ट्यांवर सगळ्या शाब्दिक उदाहरणांची बांधणी केली गेली, आणि त्या देशाच्या गणिताच्या कौतुकात या साध्या आकृतीचा वाटा मोठा आहे. पट्ट्या मोजपट्टीने आखायला लावू नका आणि गोट्यांची चित्रेही काढू देऊ नका, कारण काही मुले चोवीस गोट्या रंगवण्यात तास घालवतील. कोणती लांब, कोणती आखूड आणि कोणता भाग माहीत नाही, एवढे दिसले की आकृतीचे काम झाले. तिसरीत ही सवय लागली तर चौथी-पाचवीतील दोन पायऱ्यांची उदाहरणे, आणि पुढे अपूर्णांकही, त्याच पट्ट्यांवर उभे राहतात.

भागाकाराविषयी थोडक्यात. चोवीस लाडू सहा मुलांत वाटणे आणि चोवीस लाडू सहा-सहाच्या डब्यांत भरणे, या दोन्हींची मांडणी एकच असली तरी एका ठिकाणी उत्तर ४ लाडू आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ४ डबे. चिंचोके घेऊन दोन्ही कृती करून घेतल्याशिवाय हा फरक केवळ बोलून कळत नाही. आणि बाकी उरते तेव्हा उत्तर प्रसंगाला विचारावे लागते. ४३ मुलांना न्यायला आठ-आठ जणांच्या जीपगाड्या किती लागतील? सहा. ४३ रुपयांत आठ रुपयांच्या पेन्सिली किती येतील? पाच. ४३ चिंचा आठ जणांत सारख्या वाटल्या तर किती उरतील? तीन. भागाकार तिन्हीकडे तोच आहे, आणि ‘भागाकार ५, बाकी ३’ एवढेच लिहून थांबणाऱ्या मुलाने यांपैकी एकाचेही उत्तर दिलेले नाही. म्हणून उत्तरासमोर ‘काय’ हे लिहिण्याची शिस्त लावा आणि ते उत्तर पुन्हा प्रसंगात ठेवून वाचायला लावा.

बाजारात हिशेब करणाऱ्या मुलाविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला तो तुमच्या वर्गातील सर्वांत उपयोगी विद्यार्थी वाटतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला होता, आणि तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांची ९८ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर शाब्दिक उदाहरण म्हणून दिली तेव्हा सुमारे ७४ टक्के बरोबर आली, आणि नुसती मांडणी दिली तेव्हा जेमतेम ३७ टक्के. पस्तीसला एक नारळ विकणाऱ्या मुलाला चार नारळांचे किती विचारल्यावर त्याने तीन नारळांचे १०५ धरून पुढे आणखी एक मिळवत १४० सांगितले. त्यालाच ३५ गुणिले ४ लिहायला दिले तेव्हा त्याने हातचा आधीच मिळवून मग गुणले आणि २०० लिहिले. नारळ विकताना २०० असे उत्तर त्याच्या तोंडून आलेच नसते. २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील अभ्यासातही याच्या जवळचे चित्र दिसले, आणि गंमत अशी की शाळेत नेमाने शिकणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब तितकेच जड गेले.

तेव्हा त्याला फळ्यापाशी बोलवा आणि पाव किलो वांगी १८ रुपयांना, तर पाऊण किलोचे किती, असे तोंडी विचारा. तो बहुधा आधी अर्ध्या किलोचे ३६ धरेल आणि त्यात १८ मिळवून ५४ म्हणेल. तो जसे म्हणेल तसे फळ्यावर लिहा, आपली रीत मध्ये न आणता, आणि मग शेजारी १८ गुणिले ३ मांडा. दोन्हींत तेच काय आणि वेगळे काय, हे वर्गाला शोधू द्या. पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, शाळेतून जवळजवळ गेली असली तरी तराजूपाशी ती अजून आहेत, आणि त्या मुलाला ती पाठ न करता येतात. फक्त त्याला प्रदर्शनाची वस्तू करू नका, आणि सगळी उदाहरणे बाजाराचीच करू नका. जी मुले आणि विशेषतः ज्या मुली दुकानावर बसत नाहीत, त्यांच्याही परिचयाचे काही हवे. शाळेतच त्याचा साठा आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. आज २१ मुले हजर आहेत, तर किती तांदूळ काढायचा, हे एरवी तुम्हीच नोंदवहीत लिहिता. ते चौथीला आधी काढू द्या आणि मग वजनकाट्यावर २ किलो १०० ग्रॅम मोजून पाहू द्या. एस.टी.च्या तिकिटांतही दोन पायऱ्यांची चांगली उदाहरणे दडलेली आहेत: पूर्ण भाडे ६० रुपये असेल, आणि आईला व आठ वर्षांच्या मुलाला निम्मे तिकीट असेल, तर आईवडील आणि मूल मिळून किती लागतील?

जोडवर्गासाठी वेगळी तयारी दुप्पट करण्याचे कारण नाही. प्रसंग दोन्ही इयत्तांना एकच द्यावा आणि त्यावरची चर्चा एकत्र व्हावी. त्यानंतर तिसरीला दोन अंकी संख्या द्याव्यात आणि चौथीला तीन अंकी, किंवा आणखी एक पायरी जोडून द्यावी, जसे की उरलेली अंडी सहा रुपयांप्रमाणे विकली तर किती आले. तिसरीतली काही मुले चौथीच्या उदाहरणात डोकावतील, आणि ती डोकावली तर रोखू नका.

मुख्याध्यापक सरांचे म्हणणे चुकीचे नाही, फक्त त्याची वेळ पुढची आहे. तीन-चार आठवड्यांनी सराव जरूर द्या, पण तो मिसळलेला द्या. वजाबाकीचा पाठ झाला की त्याखालची सगळी शाब्दिक उदाहरणे वजाबाकीचीच असतात, आणि मग एकही वाक्य न वाचता ती सर्व सोडवता येतात. असा सराव कितीही केला तरी तो मुलांना न वाचण्याचाच सराव होतो. पाच उदाहरणांत दोन बेरजेची, एक वजाबाकीचे, एक भागाकाराचे आणि एक माहिती अपुरी असलेले, अशी मोळी बांधा. तुमच्या स्वतःच्या चाचणीत आकृतीला आणि ‘का’च्या उत्तराला वेगळे गुण ठेवा. सर साशंक राहिले, तर एका मुलाची आधीची वही आणि नंतरच्या पट्ट्यांची वही त्यांच्यासमोर ठेवा.

राहिली ती चटकन सोडवणारी तीन-चार मुले. त्यांना आणखी उदाहरणे देऊ नका, उदाहरणे तयार करायला द्या. ३४ वजा १९ अशी मांडणी लिहून द्या आणि तिच्यावर एक प्रसंग रचायला सांगा. अट एकच, त्यात ‘उरले’, ‘विकले’ आणि ‘वजा’ हे शब्द नकोत. पहिल्या दिवशी त्यांचाही वेग एकदम उतरेल, आणि त्यांतल्या एखाद्याला केवळ क्रिया येते, समज नाही, हेही तेव्हा उघड होईल. त्यांनी रचलेली उदाहरणे दुसऱ्या दिवशी बाकीच्या वर्गाला सोडवायला द्या. ज्याचे उदाहरण कोणालाच कळले नाही, त्याने ते दुरुस्त करून पुन्हा फळ्यावर लिहावे.